हयातीत दान केलेली मिळकत परत घेता येते का? नागरी संहितांमधील तरतुदी

अनुबंध (धागाकर्ता)

मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत कितीही वेळा बदलता येते, पण दान एकदा स्वीकारले गेले की ते त्याच क्षणी पूर्ण होते. या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे उतारवयात राहत्या घरासाठी कोर्टाची पायरी चढावी लागलेल्या माणसांची प्रकरणे युरोपातल्या निकालपत्रांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, कॅनडातील क्वेबेक प्रांत आणि फिलिपिन्स यांच्या नागरी संहिता रोमन कायद्याच्या परंपरेतून आलेल्या आहेत. दिलेली मिळकत परत घेण्याचा प्रश्न त्या कशा हाताळतात, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

मूळ तत्त्व अतिशय कडक आहे. १८०४ च्या फ्रेंच संहितेचे कलम ८९४ दानाची व्याख्या करतानाच सांगते की दाता त्या वस्तूवरचा आपला हक्क तत्काळ आणि अपरिवर्तनीयपणे सोडून देतो. कलम ९४४ त्याहून पुढे जाते. ज्या अटीची पूर्तता केवळ दात्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा अटीवर दिलेले दान मुळातच शून्य ठरते. म्हणजे "मला वाटेल तेव्हा मी हे परत घेईन" असे दस्तात लिहिले, तर परत घेण्याचा हक्क मिळत नाहीच, उलट सगळा दस्तच निकामी होतो. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे, ही गोष्ट जुन्या फ्रेंच रूढिकायद्यालाही मान्य नव्हती.

या कडक नियमाला जे अपवाद आहेत, त्यांची मुळे बरीच जुनी आहेत. इ. स. ३५५ च्या एका रोमन आज्ञेनुसार, निपुत्रिक मालकाने मुक्त केलेल्या आपल्या गुलामाला दान दिले आणि नंतर त्या मालकाला मूल झाले, तर दिलेले सर्व मालकाकडे परत येत असे. पुढे सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३० मध्ये काढलेल्या आज्ञेत कृतघ्नतेचे प्रकार मोजून सांगितले. दात्याचा घोर अपमान करणे, त्याच्यावर हात टाकणे, कट करून त्याच्या मालमत्तेची मोठी हानी करणे, त्याच्या जिवाला धोका निर्माण करणे आणि दान घेताना मान्य केलेल्या अटी न पाळणे, एवढीच ती कारणे होती. ती नि:संशय सिद्ध करावी लागत आणि तक्रार करण्याचा अधिकार फक्त दात्याला होता, त्याच्या वारसांना नव्हता. आज दीड हजार वर्षांनंतरही संहितांचा सांगाडा बव्हंशी हाच आहे.

फ्रेंच संहितेच्या कलम ९५३ मध्ये तीन कारणे आहेत: अटींचा भंग, कृतघ्नता आणि दानानंतर दात्याला अपत्य होणे. कृतघ्नता म्हणजे काय, हे कलम ९५५ ठरवते. दात्याच्या जिवावर उठणे हा पहिला प्रकार आहे, त्याच्याशी क्रूर वर्तन, त्याच्याविरुद्ध गुन्हा किंवा त्याचा गंभीर अपमान हा दुसरा, आणि त्याला अन्नवस्त्र नाकारणे हा तिसरा. यांच्या बाहेरचे काहीही चालत नाही. १९०० पासून अमलात असलेल्या जर्मन संहितेने यादी न देता कलम ५३० मध्ये "घोर कृतघ्नता" अशी एकच कसोटी ठेवली. दाता किंवा त्याचा जवळचा नातेवाईक यांच्याविरुद्ध दान घेणाऱ्याच्या हातून गंभीर आगळीक घडलेली असली पाहिजे. इटली आणि स्पेन यांनी यादीचीच पद्धत स्वीकारली आहे, तर स्विस कायदा गंभीर गुन्ह्याबरोबर कौटुंबिक कर्तव्यांच्या घोर उल्लंघनालाही कारण मानतो.

मला येथे मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. कृतघ्नतेच्या कलमावर लोकांची जेवढी भिस्त असते, तेवढा आधार ते कलम देऊ शकत नाही. त्याची मुदत अवघ्या एका वर्षाची आहे, पुराव्याचा सगळा भार दात्यावर आहे, आणि दावा जिंकला तरी मधल्या काळात मिळकत विकली गेली असेल तर ती हाती येत नाही. खरे संरक्षण मिळते ते दस्तात लिहिलेल्या अटींनी आणि राखून ठेवलेल्या हक्कांनी, आणि तेही सही करण्याच्या दिवशी, नंतर कधीही नाही.

मेधाविनी

लेख अतिशय उपयुक्त आहे. एक शंका विचारते. मुलगा किंवा मुलगी मारहाण करत नाही, शिवीगाळही करत नाही, पण घर नावावर झाल्यापासून फिरकत नाही, फोन उचलत नाही आणि आजारपणातही विचारपूस करत नाही. वृद्ध माणसाला याचे दुःख मारहाणीपेक्षा कमी नसते. या संहिता अशा वागण्याला कृतघ्नता मानतात का?

अनुबंध

मेधाविनी, बहुतेक संहिता निव्वळ दुराव्याला कृतघ्नता मानत नाहीत. भेटीला न येणे किंवा संबंध थंडावणे एवढ्यावर फ्रान्समध्ये दावा टिकवणे फार अवघड आहे. दात्याला खरोखर चरितार्थाची निकड आहे, त्याने मागणी केली आणि ती नाकारली गेली, असे दाखवता आले तरच अन्नवस्त्राचे कारण लागू होते. २०१९ मध्ये फ्रान्सच्या कॅसेशन न्यायालयासमोर (तेथील सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालय) आलेल्या प्रकरणात दान घेणाऱ्याने गुन्हे केलेले होते, परंतु ते कंपन्यांविरुद्ध केलेले होते, प्रत्यक्ष दात्याविरुद्ध नव्हते. न्यायालयाने कलम ९५५ चा अर्थ काटेकोरपणे लावला आणि ते गुन्हे दान रद्द करण्यास पुरेसे मानले नाहीत.

जर्मन न्यायालयांची कसोटी दुहेरी आहे. वर्तन वस्तुनिष्ठपणे गंभीर असले पाहिजे, आणि त्यातून दात्याबद्दल जी कृतज्ञता अपेक्षित असते तिचा अभाव दिसला पाहिजे. या संदर्भात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा मार्च २०१४ मधला निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. एका आईने तहहयात राहण्याचा हक्क राखून घर मुलाला दान दिले होते आणि आपल्या आजारपणाच्या काळात व्यवहार पाहता यावेत म्हणून त्याला मुखत्यारपत्रही दिले होते. ती घरात पडली, इस्पितळात गेली आणि तेथून शुश्रूषागृहात आली. मुलाने मुखत्यारपत्राच्या आधारे तिच्या तेथील कायमच्या मुक्कामाचा करार करून टाकला. तिला घरी परतायचे होते. तिने मुखत्यारपत्र आणि दान दोन्ही मागे घेतल्याचे कळवले. खालच्या न्यायालयांना यात घोर कृतघ्नता दिसली नाही. वरिष्ठ न्यायालयाने मात्र त्यांचा निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, कारण आपण कोठे आणि कसे राहावे हे ठरवण्याचा त्या स्त्रीचा अधिकार मुलाने विचारात घेतला होता की नाही, तिच्याशी तो बोलला होता की नाही, हे तपासलेच गेले नव्हते. हात न उगारता आणि आवाजही न चढवता माणसाचा अवमान होऊ शकतो, हे या निकालाने मान्य केले.

स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०१५ मध्ये मानसिक छळ हा संहितेच्या कलम ६४८ मधील कृतघ्नतेत मोडतो असे म्हटले. म्हणून तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे की दुर्लक्षाला दाद मिळत नाही, पण दुर्लक्षाच्या पुढे जाऊन माणसाला त्याच्याच घरात परके करणाऱ्या वागणुकीला आता मिळू लागली आहे.

तळटीप

माझा एका मुद्द्यावर ठाम मतभेद आहे. एक वर्षाची मुदत अन्यायकारक आहे. फ्रान्समध्ये ती कृत्याच्या दिवसापासून, किंवा दात्याला ते कळणे शक्य होते त्या दिवसापासून, मोजली जाते. जर्मनीत दात्याला हक्क बजावण्याची कारणे समजल्यापासून. स्पेन, इटली, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, क्वेबेक, फिलिपिन्स, सगळीकडे हेच एक वर्ष. ज्या आईवर मुलाने हात उचलला ती पहिले सहा महिने ही गोष्ट स्वतःशीसुद्धा मान्य करत नाही. पुढचे सहा महिने ती शेजाऱ्यांपासून लपवते. तिने वकिलाचा उंबरठा ओलांडेपर्यंत कायद्याच्या लेखी तिने मुलाला क्षमा केलेली असते. ज्या माणसाला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच मौनाचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावणारा नियम मला पटत नाही.

अनुबंध

तळटीप, तुम्ही मांडलेली वेदना खरी आहे आणि मुदत थोडी अधिक असावी असे मलाही वाटते. तरीही मुदतीमागचा विचार निव्वळ कोरडा नाही. जर्मन संहितेच्या कलम ५३२ मध्ये क्षमा आणि वर्षाची मुदत ही दोन्ही कारणे शेजारी शेजारी ठेवली आहेत, कारण दान ज्या नात्यातून दिले गेले ते नाते दात्याने तसेच चालू ठेवले, तर जुना अपराध कायम हातात धरून ठेवण्याचे शस्त्र त्याला मिळू नये, अशी संहिताकारांची भूमिका आहे. घराच्या मालकाला आपली मालकी दहा वर्षांनंतरही एखाद्या जुन्या भांडणावरून जाऊ शकते अशी धास्ती असेल, तर तो त्या घराची डागडुजीसुद्धा करणार नाही.

दुसरी बाजू अशी की कायद्याने दात्याला त्याच्या भोळेपणापासून एक संरक्षण दिले आहे. कृतघ्नतेमुळे दान परत घेण्याचा हक्क आगाऊ सोडून देता येत नाही. इटलीचे कलम ८०६, स्पेनचे कलम ६५२ आणि जर्मनीचे कलम ५३३ हे एकाच दिशेने बोलतात. सही करताना कोणी "पुढे काहीही झाले तरी मी परत मागणार नाही" असे लिहून घेतले असेल, तर ते लिखाण न्यायालयात टिकत नाही.

नीरजा_क

तुम्ही म्हणता की दावा जिंकूनही मिळकत हाती येत नाही. ते कसे, हे एखाद्या उदाहरणाने समजावून सांगाल का? घर परत करण्याचा हुकूम झाला तर ते मिळायलाच हवे, असे सामान्य माणूस समजतो.

अनुबंध

नीरजा, फ्रेंच कायद्याखालचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आईने घर मुलाला दिले आणि दस्तात अट घातली की मुलाने तिला मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम द्यावी. मुलाने घर बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढले, नंतर दरमहाची रक्कम थांबवली आणि एके दिवशी आईला मारहाणही केली. आता आईसमोर दोन मार्ग आहेत आणि वरवर पाहता दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात असे वाटते.

तिने अटभंगाच्या कारणावरून दावा केला, तर कलम ९५४ लागू होते. त्याखाली घर मुलाने निर्माण केलेल्या सर्व बोजांपासून आणि गहाणांपासून मुक्त होऊन परत येते, आणि मुलाने ते तिसऱ्याला विकले असेल तर मुलाविरुद्ध जे हक्क चालले असते तेच त्या तिसऱ्याविरुद्धही चालतात. तिने कृतघ्नतेच्या कारणावरून दावा केला, तर कलम ९५८ लागू होते. त्याखाली दाव्याची नोंद भूमी अभिलेखात होण्यापूर्वी झालेली विक्री आणि गहाण दोन्ही कायम राहतात. घर विकले गेले असेल तर मुलाने मागणीच्या वेळच्या किमतीइतकी रक्कम आणि दाव्याच्या दिवसापासूनचे उत्पन्न द्यायचे. आणि मुलाकडे काहीच उरले नसेल, तर हुकूमनामा कागदावरच राहतो.

आई तीच, घर तेच, अपराधी तोच, पण कारण बदलले की निकालाचे फळ बदलते. यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. अट दस्तात लिहिलेली असते, त्यामुळे बँकेला किंवा खरेदीदाराला ती वाचता येते आणि सावध होता येते. मुलाच्या मनातली कृतघ्नता कोणत्याही अभिलेखात दिसत नाही, म्हणून तिचा भुर्दंड तिऱ्हाइतावर पडत नाही. माझ्या मूळ लेखातल्या आग्रहाचे कारण हेच आहे.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. फ्रान्समध्ये ही दोन्ही कारणे आपोआप लागू होत नाहीत, न्यायालयाचा निर्णय लागतो. जर्मनीत कलम ५३१ नुसार दात्याने दान घेणाऱ्याला तसे कळवले की दान मागे घेतले जाते आणि वस्तू अनुचित लाभाच्या (म्हणजे कायदेशीर आधार नसताना दुसऱ्याकडे राहिलेली गोष्ट परत करायला लावणाऱ्या) नियमांनुसार परत मागता येते. समोरच्याने नकार दिला तर शेवटी न्यायालयातच जावे लागते, पण तोवर कळवल्याचा आणि ते पोहोचल्याचा भक्कम पुरावा हाती असला पाहिजे.

वाटसरू

दानानंतर अपत्य झाल्याचे कारण आजच्या काळात विचित्र वाटते. ते अजून शिल्लक आहे का?

अनुबंध

आहे, पण त्याची धार गेली आहे. फ्रान्समध्ये पूर्वी निपुत्रिक दात्याला मूल झाले की दान आपोआप रद्द होत असे. २००६ च्या सुधारणेनंतर, म्हणजे १ जानेवारी २००७ पासून, दस्तात तसे नमूद केलेले असेल तरच ते लागू होते. दावा फक्त दाता करू शकतो आणि शेवटच्या अपत्याच्या जन्मापासून किंवा दत्तकविधानापासून पाच वर्षांत त्याने तो करायचा असतो. इटली आणि स्पेन यांनी हे कारण ठेवले आहे, तर जर्मन संहितेने ते घेतलेच नाही.

तळटीप

जर्मनीत दाता गरीब झाला तर दान परत मागता येते असे ऐकले आहे. ते याहून अधिक न्याय्य वाटते, कारण त्यात कोणाला दोषी ठरवण्याची गरज नाही.

अनुबंध

बरोबर आहे, आणि हा भाग माझ्या मूळ लेखात यायला वाव नव्हता म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. जर्मन संहितेचे कलम ५२८ असे सांगते की दान दिल्यानंतर दात्याला स्वतःचा योग्य चरितार्थ चालवता येईनासा झाला, किंवा ज्यांना पोसण्याची त्याच्यावर कायदेशीर जबाबदारी आहे त्यांना पोसता येईनासे झाले, तर तो दिलेली वस्तू परत मागू शकतो. दान घेणाऱ्याला घर वाचवायचे असेल तर चरितार्थाला लागणारी रक्कम देऊन तो हा दावा टाळू शकतो. निकड उभी राहण्याआधीच वस्तू दिल्यापासून दहा वर्षे उलटलेली असतील, तर हा हक्क मिळत नाही. दात्याने हेतुपुरस्सर किंवा घोर हलगर्जीने स्वतःवर गरिबी ओढवून घेतली असेल तरीही तो मिळत नाही.

व्यवहारात हे कलम वृद्धापेक्षा सरकारी साहाय्य देणारे कार्यालयच जास्त वापरते. शुश्रूषागृहाचा खर्च वृद्धाला झेपेनासा झाला की ते कार्यालय मदत देते आणि दात्याचा परत मागण्याचा हक्क स्वतःकडे घेऊन मुलांकडे वसुलीसाठी जाते. म्हणून दहा वर्षांची मोजणी कोठून सुरू होते याला फार महत्त्व आहे. दात्याने तहहयात उपभोगाचा हक्क राखून घर दिले असेल, तरीही ही मोजणी थांबत नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११ मध्ये दिला. याउलट, डावलल्या गेलेल्या वारसाच्या सक्तीच्या वाट्याचा (कायद्याने त्याला मिळायलाच हवा अशा किमान हिश्श्याचा) हिशेब करताना जी दहा वर्षे धरतात, ती असा उपभोग राखलेला असेल तर सुरूच होत नाहीत. दोन्हीकडे दहाच वर्षे असल्यामुळे सल्ला देणाऱ्यांचीही येथे गल्लत होते.

शब्दवेध

भारतीय कायद्यात याला समांतर काय आहे, याचा थोडक्यात उल्लेख झाला तर वाचकांना तुलना करता येईल.

अनुबंध

थोडक्यात लिहितो, कारण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२६ मध्ये कृतघ्नता हे कारणच नाही. दात्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेली एखादी विशिष्ट घटना घडली तर दान रद्द होईल, असे दोघांनी ठरवलेले असले पाहिजे, अथवा फसवणूक, दडपण यांसारखे करार मोडण्याचे कारण असले पाहिजे. केवळ दात्याच्या मर्जीने रद्द होऊ शकणारे दान शून्य, हा नियम मात्र फ्रेंच कलम ९४४ शी जुळणारा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने कलम २३ मधून वेगळी वाट काढली. मूलभूत सुविधा आणि शारीरिक गरजा पुरवण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने त्या पुरवल्या नाहीत, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाने झाले असे मानले जाते आणि दात्याला न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येते. अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा आणि उदार लावला. तेथेही सगळा कस अखेर अटीवरच लागतो.

मेधाविनी

दात्याच्या मृत्यूनंतर इतर भावंडांना हे दान रद्द करून घेता येते का? "आईला शेवटी पस्तावा झाला होता" असे अनेक घरांत बोलले जाते.

अनुबंध

पस्तावा झाला होता, एवढ्यावर येत नाही. फ्रान्समध्ये दात्याने स्वतः दावा सुरू केला असेल, किंवा कृत्यानंतर वर्षाच्या आत त्याचा मृत्यू झाला असेल, तरच वारसांना तो पुढे नेता येतो. दान घेणाऱ्याचा मृत्यू झाला तर त्याच्या वारसांविरुद्ध कृतघ्नतेचा दावा लावता येत नाही, कारण अपराध त्यांचा नव्हता. जर्मनीत दात्याच्या वारसाला हा हक्क फक्त तेव्हा मिळतो, जेव्हा दान घेणाऱ्याने दात्याला हेतुपूर्वक ठार मारले किंवा त्याला दान मागे घेण्यापासून रोखले.

भावंडांचा खरा हक्क वेगळ्या प्रकरणात आहे. फ्रेंच कायदा अपत्यांसाठी वारशाचा एक भाग राखून ठेवतो. हयातीत दिलेल्या दानांनी त्या राखीव भागाला धक्का लागला, तर वारसा उघडल्यावर दानात तेवढी कपात मागता येते. ते दान रद्द करणे नव्हे. तेथे कोणाची वागणूक तपासली जात नाही, केवळ हिशेब होतो. आणि सही करताना दाता भानावर नव्हता किंवा त्याला फसवले गेले, असे म्हणणे असेल तर तो दस्ताच्या वैधतेवरचा हल्ला आहे, त्याचे नियम आणि मुदती पुन्हा निराळ्या. एकाच दाव्यात हे तिन्ही मुद्दे सरमिसळ करून मांडले की तिन्ही कमकुवत होतात.

नीरजा_क

जावयाला किंवा सुनेला दिलेल्या रकमेचे काय? ती घटस्फोटानंतर परत मागता येते का? यात कृतघ्नता नाही, अटही नाही.

अनुबंध

जर्मनीत तिसरा मार्ग आहे, तो व्यवहाराचा पायाच ढासळल्याचा. जून २०१९ च्या निकालातले प्रकरण मुलीला आणि तिच्या जोडीदाराला घर घेण्यासाठी आईवडिलांनी दिलेल्या मोठ्या रकमेचे होते. दोघांचे संबंध दोन वर्षांच्या आत संपले. नाते निदान काही काळ टिकेल आणि घर दोघे मिळून वापरतील, याच समजावर रक्कम दिली गेली होती, म्हणून जोडीदाराला त्याच्या वाट्याची रक्कम परत करावी लागली. मात्र कोणतेही नाते मोडले की रक्कम परत, असा याचा अर्थ घेऊ नये. नाते आणखी बरीच वर्षे टिकले असते, तर निकाल वेगळा लागणे शक्य होते. फ्रान्समध्ये तर विवाहाच्या निमित्ताने दिलेले दान कृतघ्नतेमुळे परत घेता येत नाही, असे कलम ९५९ स्पष्टपणे म्हणते.

वाटसरू

मग दस्तात नेमके काय लिहावे? "मुलगा आईवडिलांचा नीट सांभाळ करील" असे वाक्य पुरेसे आहे का?

अनुबंध

ते वाक्य भावनेच्या दृष्टीने सुंदर आहे आणि न्यायालयाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण "नीट" म्हणजे किती, यावरच पहिली दोन वर्षे वाद चालतो. दरमहा किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, किती हप्ते थकले की अटभंग समजायचा, औषधोपचाराचा खर्च कोणी करायचा, घरातल्या कोणत्या खोल्या दात्याच्या ताब्यात राहणार, हे सगळे आकड्यांत आणि नावानिशी लिहिले पाहिजे. त्याच्या जोडीला तहहयात उपभोग राखून ठेवावा. फ्रेंच कलम ९४९ तशी स्पष्ट मुभा देते, आणि असा उपभोग असेल तर घरातून बाहेर काढले जाण्याची भीती बरीच कमी होते, मग मुलाची वागणूक कशीही असो. दान घेणारा आधी वारला तर मिळकत दात्याकडे परत यावी, अशी अट कलम ९५१ खाली घालता येते, पण ती फक्त दात्याच्या लाभासाठी. ठरावीक काळ मिळकत विकू नये अशी अटही कलम ९००-१ खाली चालते, मात्र ती तात्पुरती आणि गंभीर, न्याय्य हितासाठी असली पाहिजे.

जर्मन नोटरी यापुढे जाऊन एक चांगली व्यवस्था करतात. संमतीशिवाय घर विकणे किंवा गहाण ठेवणे, मुलाची दिवाळखोरी, त्याच्या धनकोंची जप्ती, त्याचा आधी मृत्यू, त्याचा घटस्फोट अशा ठरावीक प्रसंगी मिळकत परत मागण्याचा करारातला हक्क दस्तातच लिहिला जातो आणि त्या हक्काच्या रक्षणासाठी भूमी नोंदवहीत पूर्वसूचनेची नोंद केली जाते. ही नोंद दानाच्या वेळीच झालेली असेल, तर पुढे आलेला खरेदीदार किंवा बँक यांचा हक्क तिच्यामागून येतो, आणि दात्याला कोणाची कृतघ्नता सिद्ध करत बसावे लागत नाही; ठरलेला प्रसंग घडला एवढेच दाखवावे लागते. ही नोंद जुन्या दस्तासाठीही करून घेता येते, पण त्याला आता मालक असलेल्या दान घेणाऱ्याची संमती लागते, म्हणून संबंध चांगले असतानाच हे काम उरकून घ्यावे.